गोटू पालथा पडला

मावशींनी हातातली दुपटी तशीच टाकली आणि गोटूजवळ धाव घेतली. चटईवर उताणं ठेवलेलं पोर त्यांच्या डोळ्यांदेखत पालथं पडलं होतं. त्या पोहोचेपर्यंत त्यानं मान वर उचलली आणि मोठा पराक्रम गाजवल्यासारखा हसला.

"बाई, गोटू पालथा पडला हो!"

पाळणाघराच्या बाई लगबगीनं आल्या. दोघींनी त्याचं कौतुक केलं, मग बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"त्याच्या आईला सांगायचं नाही. घरी बघेल, तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटू दे."

परवान्याचे नियम भिंतीवर लावलेले होते : बाळ उताणंच झोपवायचं, पाळण्यात उशी नको, पांघरूण नको. आईला न सांगण्याचा हा नियम मात्र बाईंचा स्वतःचा, आणि मावशींचा सगळ्यांत लाडका. कुणाचा पहिला दात, कुणाचं पहिलं पाऊल, सगळ्याला त्या तोंडात मिठाची गुळणी धरून बसायच्या. दोन दिवसांनी आई तीच बातमी घेऊन आली की "काय सांगता!" म्हणून असा चेहरा करायच्या, की नाटकवाल्यांनी उचलून न्यावं.

संध्याकाळी गोटूची आई धापा टाकत आली.

"उशीर झाला हो मावशी. आज काही विशेष?"

"काही नाही. गुणी पोर आहे तुमचं."

आईनं गोटूला कपडे बदलायच्या टेबलावर ठेवलं आणि टोपी काढायला पिशवीकडे वळली. मावशींनी झटकन त्याच्या पोटावर हात ठेवला.

"हात सोडू नका ताई."

"अहो, कुठे जातोय तो? ठेवला तिथेच असतो. सकाळी पलंगावर ठेवते ना, तेवढ्यात माझी आंघोळ उरकते."

मावशींच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पलंग, लावलेलं दार, आत नळाचा आवाज. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई फोनवर बोलत होत्या.

"खाली गादी घालून ठेवत जा की."

"फरशी गार असते हो." ती हसत टोपीचे बंद बांधू लागली.

आता गप्प बसणं मावशींच्या जिवाला झेपेना.

"गोटू आज पालथा पडला."

बंद बांधणारी बोटं थांबली.

"आज? इथे?"

"दुपारी. यापुढे पलंगावर एकट्याला ठेवायचं नाही. मिनिटभरसुद्धा नाही."

"नाही ठेवणार." तिनं पोराला उचलून घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले. भीतीनं की आणखी कशानं, हे तिलाही सांगता आलं नसतं. बाई फोन ठेवून दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मावशींना मान वर करायचा धीर होईना. खरं तेच बोलल्या होत्या, तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

"मावशी," आई हळूच म्हणाली, "कसा पडला?"

 मावशींनी पदर खोचला, गुडघे धरून चटईवर बसल्या आणि उताण्या झाल्या.

"आधी पाय असा वर केला. मग कूस अशी."

कण्हत कण्हत त्या पालथ्या झाल्या. एक हात अंगाखाली अडकला. आई गोटूला घेऊन त्यांच्या शेजारी खाली बसली.

"हात देऊ का, मावशी?"

"थांबा जरा," चटईत तोंड खुपसूनच मावशी म्हणाल्या, "त्यालाही इथे वेळ लागला होता."