फ्रिजवरचं परमिट

जगदीश रामटेके या माणसाला सावधपणाचा रोगच होता. बायको खाली भाजी आणायला निघाली तरी हा दारात उभा राहून छत्री घेतलीस का, पाणी घेतलंस का, फोन चार्ज आहे का, सगळं विचारणार. आता सिंगापुरात सेम्बावांगच्या शिपयार्डात बावीस वर्षं सेफ्टीचं काम केलं की माणसाला घरातलं स्टूलसुद्धा संशयास्पद वाटायला लागतं, त्यात त्याचा तरी काय दोष! यार्डात कुणी जहाजाच्या टाकीत उतरायचं म्हटलं की आधी परमिट भरायचं. कोण उतरणार, कुठे, किती वेळ, आणि बाहेर कोण उभं राहणार. त्या बाहेरच्या माणसाचं काम एकच. जागा सोडायची नाही, आतल्याशी संपर्क तोडायचा नाही, आणि काही झालं तर मदत आणायची. जगदीश नव्या पोरांना सांगायचा, "आतल्या माणसाचा जीव बाहेरच्याच्या हातात असतो, लक्षात ठेवा."

त्याची एकुलती एक मुलगी रुपाली नोकरीसाठी कॅनडात गेली आणि तिथे तिला कयाकमधून सॅमन पकडायचा नाद लागला. कयाक म्हणजे एकट्यानं वल्हवायची ती चिंचोळी होडी. त्यात बसून ही पोरगी बर्फ पडत असताना नदीत गळ टाकून बसायची. ओरडायची सोय नव्हती, कारण सात वर्षांची असताना सेम्बावांगच्या जेट्टीवर तिच्या हातात पहिला गळ यानंच दिला होता. मग जगदीशनं आपल्या पद्धतीनं मार्ग काढला. यार्डातल्या परमिटसारखं एक परमिट बनवलं. प्रत्येक वेळी नदीवर जाण्याआधी रुपालीनं ते भरून पाठवायचं, यानं ते छापून फ्रिजवर लावायचं. कुठून उतरणार, गाडी कुठे लावणार, होडीचा रंग, अंगावर काय, परत किती वाजता. शेवटचा रकाना, बाहेरचा माणूस: बाबा. आणि खाली ठळक अक्षरांत नियम. अडकलात तर जागा सोडू नका, बाहेरचा माणूस मदत आणेल.

"बाबा, मी टाकीत उतरत नाहीये, लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणायची आणि हसायची. पण भरायची. गुणाची पोर.

तिच्या लाइफ जॅकेटला एक छोटं यंत्र असायचं. त्यावरून दर दहा मिनिटांनी नकाशावर तिचा निळा ठिपका उमटायचा, आणि तासातासाला तिनं बटण दाबलं की ठिपक्याशेजारी 'ओके' यायचं. संकटाचं वेगळं बटण होतं. ते दाबलं की मदत केंद्राचे लोक आधी जगदीशला फोन करणार, असं तिनं नीट समजावलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी साडेसातला जगदीश चहा घेऊन टॅबलेटपुढे बसला. सिंगापूरला रविवारची सकाळ, तेव्हा तिकडे शनिवारची दुपार कलत आलेली. बाहेर कोकिळांनी कहर मांडला होता, पंखा फुल्ल असूनही बनियन पाठीला चिकटलं होतं, आणि नकाशाच्या कोपऱ्यात तिथलं तापमान उणे सहा दाखवत होतं. सातचं 'ओके' आलेलं होतं. सात चाळीसला ठिपका उमटला. सात पन्नासला उमटला नाही. आठलाही नाही, आणि आठचं 'ओके' पण नाही.

"मोठा मासा लागला असेल," जगदीश म्हणाला.

त्याची बायको ललिता पांढरी साडी नेसून वंदनेला जायच्या तयारीत होती. ती येऊन मागे उभी राहिली. "तिला फोन लावा."

लावला. लागला नाही, नदीवर नेटवर्क नसायचंच. रुपालीच्या घरात राहणाऱ्या मैत्रेयीला लावला, ही सिंगापुरातल्याच चोआ चू कांग भागातली मुलगी, दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिनं उचलला नाही, शनिवारी ती दुकानात कामाला असायची.

"मग तिथल्या पोलिसांना करा."

इथे जगदीश अडकला. ऑक्टोबरात एकदा ठिपका वीस मिनिटं हलला नव्हता, तेव्हा यानं इथून तिथल्या पोलिसांना फोन करून गोंधळ घातला होता. दोन गाड्या दिवे लावून नदीवर पोचल्या, आणि ही बया काठावर बसून सँडविच खात होती. चार लोकांत तिची शोभा झाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा बापावर चिडली आणि तिनं वचन घेतलं, की केंद्राचा फोन आल्याशिवाय तुम्ही कुणालाही फोन करायचा नाही.

"काही झालं असतं तर तिनं बटण दाबलं असतं," तो म्हणाला. "आणि बटण दाबलं असतं तर मला फोन आला असता. फोन आला नाही, म्हणजे ती ठीक आहे."

किती सरळ हिशेब! ललितालाही तो पटला, कारण पटवून घेण्याशिवाय दुसरं काय होतं हातात. तिनं बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून राहिली. वंदनेला गेली नाही.

जगदीशनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो हातात धरून बसला. सव्वाआठ वाजले, म्हणजे तिथे अंधार पडला. अर्ध्या तासानं तळहाताला घाम सुटला म्हणून फोन लुंगीला पुसला आणि पुन्हा धरला. बारा हजार किलोमीटरवर पोटची पोर अंधारात, बर्फात, आणि बाप पंख्याखाली खुर्चीवर. त्याला इतकं लाचार आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. टाकीत माणूस अडकला तर दोर ओढता येतो, शिट्टी फुंकता येते. इथे ठिपक्याकडे बघण्यापलीकडे काय करणार? आणि दर दोन मिनिटांनी तो स्वतःला तेच सांगत होता, फोन आला नाही ना, मग ठीक आहे.

आठ अठ्ठेचाळीसला व्हॉट्सॲप वाजलं. मैत्रेयी होती.

"काका, पोलीस घरी आलेत. रुपालीनं संकटाचं बटण दाबलंय, तासभर झाला. ते लोक तुम्हाला सारखे फोन करतायत, लागतच नाहीये. मेसेज पण जात नाहीयेत. तुमच्या फोनला काय झालंय? त्यांचा नंबर खाली देतेय, लगेच करा."

फोनला काही झालं नव्हतं. फोन अगदी सुरक्षित होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याला एक परदेशी फोन आला होता, तुमच्या नावाचं संशयास्पद पार्सल अडवलंय म्हणून. जगदीश फसला नाही. उलट दुसऱ्या दिवशी यार्डात त्यानं अशा फोनांवर वीस मिनिटं भाषण ठोकलं आणि सगळ्यांसमोर ॲप उघडून दाखवलं, परदेशातून येणारे सगळे कॉल आणि मेसेज एका बटणात कसे बंद करायचे ते. आपला फोन पुढे धरून त्यानं ते बटण दाबलं. रुपाली कायम व्हॉट्सॲपवरून बोलायची, ते चालू होतं, त्यामुळे पुढे त्याला काही जाणवलंच नाही.

"ललिता, मी," एवढंच तो बोलू शकला. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, मैत्रेयीचा मेसेज वाचला, आणि त्यात दिलेला केंद्राचा नंबर लावून फोन परत त्याच्या हातात दिला.

पलीकडची बाई शांत होती. तिचा तो शांतपणाच जगदीशला सोसवेना. यंत्रानं एकच ठिकाण कळवलं आणि ते बंद पडलं, थंडीत बॅटरी गेली असावी, असं ती म्हणाली. नदी तिथे एका बेटाला वळसा घालून दोन फाट्यांत वाहत होती आणि ठिकाण बेटाच्या मधोमध दिसत होतं. शोधपथक उजव्या फाट्यावर होतं, रस्त्याच्या बाजूला. तिथे काही सापडत नव्हतं. मुलगी नेमकी कुठे जाणार होती, काही कल्पना आहे का?

कल्पना? जगदीश फ्रिजपुढे उभा होता. परमिटावर सगळं होतं. डावा फाटा, कारण तिथे डोह आहे आणि वर चढणारे सॅमन तिथे विसाव्याला थांबतात. गाडी खालच्या लाकडी पुलाशी, राखाडी रंगाची. होडी लाल. अंगावर पाणी आत न शिरणारा सूट, डोक्यावर पिवळी टोपी. रुपालीनं एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. तो वाचत गेला, बाई लिहून घेत गेली, आणि शेवटी म्हणाली, "थँक यू सर, ही माहिती फार उपयोगाची आहे." त्या बाईला काय ठाऊक, ही माहिती तासभर फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होती.

मग ॲप उघडून त्यानं ते बटण उलटं फिरवलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं.

त्यानंतर वाट बघणं. डाव्या काठावर जायचं तर पथकाला खालच्या पुलावरून फिरून जावं लागणार होतं, बर्फात. सव्वानऊ झाले. साडेनऊ झाले. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणी बांबूवर चादरी वाळत घालत होतं. ललिता हलक्या आवाजात त्रिशरण म्हणत होती आणि मध्येच थांबत होती, कुठपर्यंत आलो ते विसरल्यासारखी.

नऊ बेचाळीसला फोन वाजला. परदेशी नंबर. जगदीशनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"नमस्कार, आपल्या नावाचं एक पार्सल अडवण्यात आलं आहे," रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला. "अधिक माहितीसाठी एक दाबा."

त्यानं फोन ठेवला नाही. न जाणो, मागून कुणी बोलेल, म्हणून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. ललिता डोळे ताणून त्याच्याकडे बघत होती. त्यानं नुसती मान हलवली. मग तो जमिनीवर बसला आणि रडला. इतक्या वर्षांच्या संसारात ललितानं त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं, पण ती जवळ गेली नाही. तिच्यात तेवढं बळच उरलं नव्हतं.

खरा फोन दहा वाजून अकरा मिनिटांनी आला. सापडली. जिवंत आहे. होडी ओंडक्यावर आदळून उलटली, सूट पायाशी फाटला, ती पोहून डाव्या काठाला लागली आणि डोहाशेजारी झाडाखाली बसलेली सापडली. बोलणं तुटक आहे, अंग फार गार पडलंय, हॉस्पिटलला नेतोय.

चार दिवसांनी व्हिडिओवर रुपाली दिसली. ओठ फुटलेले, चेहरा सुजलेला, पण हसत होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागणार होती. डॉक्टर मैत्रेयीला म्हणाले होते, तासभर आधी तिला आणलं असतं तर बोटं कदाचित वाचली असती. मैत्रेयीनं हे फक्त काकांना सांगितलं होतं. फोन न लागल्याचं तिनं रुपालीला सांगितलं नव्हतं आणि, काका, तुम्हीच सांगा काय ते, असं म्हणून ती मोकळी झाली होती.

"बाबा, मी नियम पाळला हं," रुपाली म्हणाली. "खाली पुलापाशी कुणाच्या तरी घराचे दिवे दिसत होते. अर्ध्या तासाचा रस्ता असेल. तेव्हा पाय चालत होते माझे. आधी वाटलं, जावं. मग म्हटलं नको, जागा सोडायची नाही. बाबांना एव्हाना फोन गेला असेल, परमिट हातात घेऊन ते सगळं सांगत असतील. फार धीर आला त्यानं, खरंच. म्हणून बसून राहिले."

जगदीशनं टॅबलेट जरा जवळ ओढला. ललिता शेजारीच बसली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"त्यांना यायला उशीर का झाला पण?" रुपालीनं विचारलं. "बर्फामुळे ना?"

पंखा फिरत होता. तीन आठवड्यांपूर्वी वीस मिनिटं भाषण ठोकणाऱ्या माणसाला आता एक वाक्य जुळवता येईना.

"हो," तो म्हणाला. "बर्फ फार होता."

ललितानं मान खाली घातली आणि साडीच्या पदराची कड सरळ करत राहिली.

"चिल, बाबा. झालं ना आता," रुपाली म्हणाली. तिचे डोळे झोपेनं मिटायला लागले होते. "बरी झाले की परत जाणार मी, आधीच सांगते. परमिट पाठवीन. बाहेरचा माणूस तुम्हीच."

"बरं," जगदीश म्हणाला.