आणि रक्तात असतं तर?

रविवारी सकाळी आत्याने शिलाई मशीनला तेल घातलं, शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा सोडला आणि कॉलरींना हात घातला. कोपऱ्यावरच्या दुकानाचं काम होतं, शाळा उघडायच्या आत द्यायचं होतं. तिच्या डाव्या हाताला बोटं नव्हती. तळव्याच्या कडेला वाटाण्याएवढे चार उंचवटे होते आणि अंगठ्याच्या जागी थोडा मोठा पाचवा. त्याच हाताने ती कापड दाबून धरायची आणि उजव्याने सरकवायची. शिवण अशी सरळ यायची की दुकानदार दुसऱ्या कुणाला काम देत नसे.

वहिनी दारात आल्या. "वन्सं, आज पाहुणे यायचेत. आमच्या चिमीला बघायला."

"माहीत आहे. चारला ना? मी मशीन बंद ठेवीन."

वहिनींना पुढचं बोलावंच लागलं नाही. बऱ्याच वर्षांच्या सवयीने हे काम सोपं झालं होतं. पाहुणे आले की आत्याने मागच्या खोलीत जायचं, दार ओढून घ्यायचं, आणि मशीन चालवायचं नाही, कारण मशीनचा आवाज आला की कोण शिवतंय असं कुणीतरी विचारणार. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. वहिनी दुष्ट नव्हत्या बरं का. दाराआड तांब्याभर पाणी आणि चार बिस्किटं त्या न विसरता ठेवत. आपण माणसाला कोंडतो तेव्हाही त्याची तहानभूक बघतो आणि आपण फार प्रेमळ आहोत, असं समजून निवांत झोपतो.

घरात हा हात म्हणजे 'रक्तातला दोष' होता. तसं पहिल्यांदा आजी, म्हणजे आत्याची आई म्हणाली, दादाच्या लग्नाच्या वेळी. "मुलीकडच्यांनी हिला पाहिलं तर म्हणतील, घराण्यातच आहे." तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती आणि तिला ते पटलं होतं. भावाचं लग्न मोडण्यापेक्षा दोन तास खोलीत बसलेलं काय वाईट!

ते पटणं तिला पुढे फार महागात पडलं. गल्लीच्या तोंडाशी एका घड्याळजीचं छोटं दुकान होतं. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला म्हणून ती गेली, आणि मग घड्याळ वारंवार बिघडू लागलं. एक दिवस भिंग डोळ्यावरून काढून तो म्हणाला, "घड्याळाला काहीही झालेलं नाही. तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय का, ते सांगा." इतका सरळ प्रश्न तिला त्याआधी कुणी विचारला नव्हता आणि नंतरही नाही. घरी येऊन ती खूप रडली आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगून आली. "माझ्या पोटी असंच मूल आलं तर? ते मला काय म्हणेल?" घड्याळजीने पुढे दुकान दुसरीकडे नेलं. आत्याने अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं केलं, भावाच्या चिमीला वाढवलं आणि गणवेश शिवले.

आता दादांविषयी सांगायला हवं, कारण हे घर काही अडाण्यांचं नव्हतं. दादा विद्यापीठात जीवशास्त्राचा इतिहास शिकवत. आनुवंशिकतेची कल्पना कशी जन्मली, वाटाण्याच्या वेलींवरून माणसापर्यंत कशी आली, आणि मग माणसाने तिचं काय केलं, हा त्यांचा विषय. शुद्ध रक्ताच्या नावाखाली कवट्या मोजल्या गेल्या, गरिबांच्या वंशावळी काढून त्यांना कमअस्सल ठरवलं गेलं, मुलं होऊ नयेत म्हणून माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. विद्यार्थी म्हणत, सरांचा हा तास चुकवायचा नाही. दादांचा संतापही खरा होता, ढोंग नव्हतं. फक्त तो घरी येताना विद्यापीठातच राहायचा.

चारला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा दादांचाच जुना विद्यार्थी, आता संशोधन करणारा. चिमीला तो मनापासून आवडला होता आणि तिने ते लपवलंही नव्हतं. वडील सोफ्याच्या कडेवर अवघडून बसले आणि दर वाक्याला हो-हो करू लागले. आईने पडद्यांचं कौतुक केलं.

"पडदे कुणी शिवले?"

"बाहेरून करून घेतले," वहिनी म्हणाल्या.

मागच्या खोलीत आत्या बंद मशीनसमोर बसली होती. पडदे तिने शिवले होते. तिला हसू आलं आणि मग ते जिथल्या तिथे विरलं. कपबशांचा आवाज येत होता, चिमीचं हसणं येत होतं. याच पोरीला तिने एका हाताने आंघोळ घातली होती.

"मग घरात तुम्ही कोण कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

"आम्ही तिघंच," दादा म्हणाले.

आत्याने हे पूर्वीही ऐकलं होतं. पण त्यानंतर जे झालं ते कधी झालं नव्हतं.

"चौघं," चिमी म्हणाली. ती ट्रे घेऊन दादांसमोरच उभी होती. "बाबा, चौघं आहोत आपण. आत्या आत आहे."

वहिनींनी डोळे मोठे केले, पण पोरगी ट्रे ठेवून आत गेलीसुद्धा. "चल आत्या." "अगं वेडी आहेस का, जमत आलंय ना!" "चल म्हणते ना." आणि तिने आत्याचा डावा हात धरला. तो हात सहसा कुणी धरत नसे. आत्या निमूट बाहेर आली.

 मुलाच्या आईची नजर हातावर गेली, कपावर आली, पुन्हा हातावर गेली. वडिलांचं हो-हो थांबलं. तेवढ्यात मुलगा पुढे वाकला. मनगटावरचा काळा, लांबट जन्मखुणेचा डाग त्याला दिसला होता.

"सर, हा हात मी पाहिलाय! तुम्ही तासाला दाखवता तो." तो उत्साहाने आईकडे वळला. बिचाऱ्याला वाटलं, आपण सगळं सावरतोय. "आई, घाबरायचं काही नाही. सर दरवर्षी हा फोटो दाखवतात. गर्भाभोवती पातळ आवरण असतं ना, त्याचा एखादा धागा सुटतो आणि वाढणाऱ्या बोटांभोवती आवळतो. बोटं तिथेच थांबतात. निव्वळ अपघात. आनुवंशिकतेशी याचा काही संबंध नाही. चुकून वंशाला दोष कसा दिला जातो, याचं सर हेच उदाहरण देतात."

"म्हणजे पुढे मुलाबाळांत उतरत नाही?"

"मुळीच नाही."

आईने श्वास सोडला. वडील पुन्हा हो-हो म्हणाले. वहिनी लगबगीने उठल्या, "बसा ना वन्सं, उभ्या का," आणि खुर्ची पुढे केली. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. आत्या मात्र उभीच राहिली. तिला आठवलं, दादा शिकत असताना त्याने तिचा हात काळ्या कापडावर ठेवून फोटो काढला होता. तिला वाटलं होतं, डॉक्टरांना दाखवणार असेल.

"दादा, तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तसं... एम.एस्सी.ला होतो तेव्हापासून."

"म्हणजे घड्याळजीच्या आधीपासून."

दादा कपाकडे बघत राहिले. "तू कधी विचारलं नाहीस."

"मला काय विचारायचं हेच कुठे ठाऊक होतं! मी तुझ्यासमोर नाही म्हणून आले. मूल असं होईल म्हणून रडले, तेव्हा तू दारात उभा होतास."

"आईचं दुखणं होतं तेव्हा. तू गेली असतीस तर..." ते थांबले. वाक्य पूर्ण करायची गरज नव्हती.

मुलाच्या आईला दया आली. ती खरोखर साधी बाई होती. "जाऊ द्या हो ताई. झालं ते झालं. रक्तात काही नाही हे कळलं, हेच चांगलं झालं."

"आणि रक्तात असतं तर?" आत्याने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. "असतं तर मी परत त्या खोलीत जायचं का? उद्या तुमच्या नातवाचा हात असा निघाला, आणि डॉक्टर म्हणाले की हे रक्तातूनच आलंय, तर त्याला कुठे बसवाल?"

वडिलांनी घसा खाकरला. दादा, ज्यांचा हा आयुष्यभराचा विषय, त्यांनी रिकामा कप पुन्हा उचलला. चिमीने मुलाकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. रक्तात असतं तर?"

मुलगा प्रामाणिक होता. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "असतं तर... बहुतेक आम्ही आलो नसतो."

"खरं बोललात, बरं वाटलं. मग मीही येत नाही," चिमी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण शब्द अडखळला नाही.

पाहुणे गेले. आत्याने पोरीला घट्ट धरलं. "माझ्यापायी कशाला मोडलंस गं? तुला तो आवडला होता."

"तुझ्यापायी नाही, आत्या. मला जी मुलं होतील त्यांच्यापायी." आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. वहिनी दारात उभ्या राहून एकदा नणंदेकडे, एकदा लेकीकडे बघत होत्या. कुणाची समजूत काढावी हे त्यांना सुचेना.

दुसऱ्या दिवशी दादांनी वर्गात तोच फोटो दाखवला. कुणीतरी विचारलं, सर, हा हात कुणाचा? दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि दरवर्षी ते 'एका रुग्णाचा' म्हणायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या बहिणीचा. हा हात वंशाचा दोष नाही हे मला माहीत होतं, आणि तरीही मी तिला खोलीत बसवलं. पण तो वंशातून आला असता, तरी तिला खोलीत बसवायचा अधिकार मला कुठून मिळाला असता? आजचा धडा एवढाच आहे."  एक मुलगी वहीत तोंड लपवून बसून राहिली, तिच्याही घरात कुणीतरी असेल.

घरी येऊन दादांनी हे सगळं बहिणीला सांगितलं. मशीन आता दिवाणखान्यात, रस्त्याकडच्या खिडकीशी आलं होतं. चिमीने आणि वहिनींनी मिळून ते ओढत आणलं होतं. आत्या कॉलरीला टीप मारत होती. तिने शिवण संपवली, दोरा दाताने तोडला.

"वर्गाला सांगितलंस, चांगलं केलंस दादा," ती म्हणाली. "पण आधी मला सांगायचं होतंस."

आणि तिने पुढचा गणवेश मशीनखाली घेतला. दादा तिथेच उभे राहिले. शिक्षणाने, पदव्यांनी आणि पुस्तकांनी भरलेल्या आपल्या घरांत कुणी कुणाला काय सांगायचं टाळलंय, कुठलं दार अजून ओढलेलं आहे, हे ज्याचं त्याने आज घरी जाऊन बघावं. दाराआडच्या माणसाचं वय वाढत असतं.