बाळासोंचा नमस्कार

२००२ साली राजारामपुरीत आमच्या सहकारी बँकेच्या बरोबर समोर एक खाजगी बँक सुरू झाली. काचेचं दार, आत गारवा, बाहेर पैसे देणारं मशीन. बघता बघता आमचे बरेच खातेदार रस्ता ओलांडून तिकडं गेले. संचालकांनी बैठक घेतली आणि ठरवलं, की व्याज काही वाढवायचं नाही, पण वागणं सुधारायचं.

त्यासाठी पुण्याहून एक सर आले. एका रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना हसायला शिकवलं. मी नवा क्लार्क, मला फारसं जड गेलं नाही. कॅशियर बाळासो पोवारांना गेलं. नोकरीला लागल्यापासून ते काउंटरवर बसून लोकांवर ओरडत आले होते. कुणाची सही चुकली की ती स्लिप उंच धरून सगळ्या बँकेला दाखवायचे. सरांनी त्यांना पुन्हापुन्हा 'नमस्कार' म्हणायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे, चालेल."

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणून धोंडुबाई आल्या. मागच्या गल्लीत त्यांची कॉलेजच्या पोरांची खानावळ होती.

"नमस्कार," बाळासो म्हणाले. "बसा. पाणी घेणार?"

धोंडुबाईंनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"बाळासो, घरात समदं ठीक हाय न्हवं?"

"ठीक हाय की." बाळासो हसले.

धोंडुबाई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग नव्या खुर्च्या बघितल्या, गार पाण्याचं मशीन बघितलं, आणि पैसे न काढताच निघून गेल्या. परत आल्या त्या ठेवीच्या सगळ्या पावत्या घेऊन.

"समदं मोडायचं हाय," त्या मला म्हणाल्या.

"मावशी, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतंय."

"मिळू दे. आमच्या मुरगूडच्या पतसंस्थेत बी असंच झालतं. बुडायच्या आधी लई गोड बोलत हुते. चहा बी पाजला."

त्या काळात कुठली ना कुठली पतसंस्था बुडाल्याचं पेपरात येतच होतं. त्यांनी पैसे मोजून घेतले, पदराखाली धरले आणि समोरच्या बँकेत नव्या ठेवीत भरले. संध्याकाळी त्यांनी जेवायला आलेल्या पोरांना सांगितलं. पोरांनी घरमालकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेली होती. मॅनेजर अण्णासो चौगुले यांनी खिडकीतून पाहिलं आणि चेहरा पुसला.

"प्रसेनजीत, सगळ्यांना चहा सांग," ते म्हणाले.

मी चहा सांगितला. चहा आल्यावर रांगेत एकदम शांतता पसरली. एक म्हातारे कप हातात घेऊन शेजारच्याला हळूच म्हणाले, "गेली बँक." मग माणसं पुढं सरकू लागली. मॅनेजर स्वतः बाहेर येऊन हात जोडून म्हणाले, की बँक भक्कम आहे, कुणीही घाबरू नये. त्यानंतर लोक धक्काबुक्की करू लागले.

बाळासो हसतमुखानं पैसे देत होते. घाम गळत होता, पण हसू हलत नव्हतं. तेवढ्यात कोडोलीचा एक गडी रांग मोडून आत घुसला आणि त्यानं काउंटरच्या जाळीतून हात आत घातला.

बाळासो उठले.

"ए पावणं! हात भाईर काढ. रांग दिसत न्हाई व्हय? आन् ही काय सही हाय? कोंबडी नाचलीया का कागदावर? जा, नवी स्लिप आण. न्हाईतर सरळ घरला जा!"

गडी मुकाट्यानं मागं झाला. बाळासोंनी पुढच्या दोघांनाही झापलं, एकानं बदलायला आणलेली फाटकी नोट परत फेकली आणि पंखा कुणी बंद केला म्हणून मला चार शब्द सुनावले. रांगेत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला.

"बुडायची असती तर एवढा माज केला नसता," ते म्हणाले आणि घरी गेले. दुपारपर्यंत रांग निम्मी झाली. संध्याकाळी बँक नेहमीसारखी रिकामी होती.

मॅनेजरनी बाळासोंना आत बोलावलं. "उद्यापासून तुम्ही पहिल्यासारखंच वागा," एवढंच म्हणाले. बाळासो बाहेर येऊन पाणी प्यायले आणि बराच वेळ गाल चोळत बसले.

धोंडुबाई मात्र समोरच्याच बँकेत राहिल्या. तिथं शिवानी नावाची मुलगी त्यांना 'मॅडम' म्हणायची, सोफ्यावर बसवायची. उन्हाळ्यात पोरं गावी गेली, खानावळ बंद राहिली आणि बचत खात्यातली शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली. बँकेनं दंड कापला. धोंडुबाई विचारायला गेल्या तर शिवानीची बदली झालेली. नव्या पोरानं त्यांना एक फोन नंबर दिला. फोनवरची बाई म्हणाली, हिंदीसाठी एक दाबा.

धोंडुबाई आमच्याकडं आल्या. मला वाटलं, पस्तावून आल्या असतील. त्या सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या.

"समोरचे ठेवीवर पाव टक्का जास्त देत्यात," त्या म्हणाल्या. "तुमी काय देताय?"

"मावशी, तुम्ही आमच्या जुन्या..."

"जुनी हाय म्हणूनच आधी हिकडं आलोय. न्हाईतर मधल्या चौकात तिसरी बँक उघडलीया."

त्यांनी मंडईत वांगी घ्यावीत तसा भाव केला. शेवटी अण्णासोंनी अर्धा टक्का वाढवून दिला आणि कुणाला सांगू नका म्हणून विनवलं. धोंडुबाईंनी ठेव परत आमच्याकडं आणली. समोरचं खातं मशीनच्या कार्डापुरतं चालू ठेवलं, कारण रविवारी भाजीवाल्याला रोख पैसे लागायचे. संध्याकाळी त्यांनी पोरांना सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रांग लागली, या वेळी अर्धा टक्का मागायला. संचालकांनी सगळ्यांनाच वाढवून दिला. मग समोरच्यांनीही वाढवला.

त्या दिवाळीला आमचा बोनस निम्म्यावर आला. माझ्या आईची ठेव आमच्याच बँकेत होती. तिनं वाढलेल्या व्याजातून नवा कुकर घेतला आणि मला विचारलं, तोंड का पाडून बसलायस. मी म्हणालो, काही नाही, भात चांगला झालाय.