औषधाच्या पेटीतले सहा महिने

मी विक्री शिकवणारं पुस्तक बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. आमच्या बिरादरीतले बरेच जण कव्हरावरूनच ओरडतात, 'सात मिनिटांत होकार', 'नकाराला नमवा'. मी त्यांतला नाही, अशी माझी फार दिवस समजूत होती. ती किती खरी, हे मला एका म्हातारीने पेन्सिलीने दाखवलं.

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. मला लिहिणारा गृहस्थ आयुष्यभर शिलाई यंत्रं विकत हिंडलेला. पानं एकशे बारा, कव्हर करडं, चित्र एकही नाही. दुकानात तीन वर्षं उभा होतो. लोक मला बाहेर काढायचे, चाळायचे आणि शेजारच्या सोनेरी पट्टीवाल्या जाडजूड पुस्तकाला घेऊन जायचे.

मग चिझुएबाई आल्या. त्या घरगुती औषधांच्या एका कंपनीत होत्या. या धंद्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या एकच. औषधांची पेटी गिऱ्हाइकाच्या घरात ठेवून जायचं, सहा महिन्यांनी परत यायचं, जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे आणि पेटी पुन्हा भरायची. अनोळखी माणसाच्या घरात आपला माल सोडून जाणारा धंदा जगात आणखी कुठे असेल तर मला सांगा.

एकोणीस वर्षं बाईंनी शिनशूच्या डोंगरातल्या पेट्या भरल्या. आता नव्या भरतीला शिकवायचं कामही त्यांच्याकडे होतं. पण मागच्या एप्रिलमध्ये घेतलेल्या अकरांपैकी आठ जण पानगळीच्या आत सोडून गेले. त्यांना शिकवायला वापरलं होतं ते सोनेरी पट्टीवालं, विभागप्रमुख होरितासाहेबांच्या पसंतीचं. वरून निरोप आला, मार्चअखेर नवं पुस्तक ठरवा. पुढच्या भरतीतलीही माणसं टिकली नाहीत तर शिकवण्याचं काम बाहेरच्या संस्थेला देऊ. बाईंच्या जिवाला घोर लागला. बाहेरचे लोक पेटीत काय असतं ते शिकवतील, पेटी का ठेवतात ते कोण शिकवणार?

त्यांनी सात पुस्तकं जमवली. फेरीवर असताना दुपारी गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, एका हातात भाताचा गोळा आणि दुसऱ्या हातात आम्ही. इतक्या तळमळीने आम्हाला कुणी वाचलं नसेल. प्रत्येक पुस्तकातलं एखादं वाक्य त्या मोठ्याने म्हणून बघायच्या आणि मान हलवायच्या. मला दोनदा वाचलं. मी फुगलो होतो.

ऑक्टोबरात आम्ही कुराशिना आजींच्या घरी गेलो. आजींचं टोफूचं दुकान, ऐंशीच्या घरातलं वय आणि जीभ पात्यासारखी. बाई मुदत संपलेली पाकिटं काढत होत्या, नवी भरत होत्या, आजींच्या गुडघ्याची कहाणी ऐकत होत्या. त्या बोलण्याच्या नादात पोटदुखीच्या पुड्यांबरोबर मलाही पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. एकोणीस वर्षांच्या सवयीचा हात, हाताला आलेलं पेटीत जाणारच.

गाडी निघून गेल्याचा आवाज मी अंधारात ऐकला. आता मार्चपर्यंत सुटका नव्हती.

आठवड्याभरात आजींचं पोट दुखलं. त्यांनी पुडी घेतली आणि मला बाहेर काढलं. चष्मा शोधला. 'गिऱ्हाइकाचं मन कसं जिंकावं' हे वाक्य वाचून त्या इतक्या हसल्या की पोटदुखी विसरल्या. त्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला, आणि चुलीपाशी बसून आजींनी मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पेन्सील घेऊन.

काही ठिकाणी लिहिलं, 'बरोबर'. काही ठिकाणी, 'इथे मी दार लावून घेते'. माझ्या एकेचाळिसाव्या पानावर शिकवलंय की गिऱ्हाईक 'विचार करते' म्हणालं तर गप्प बसू नका, लागोपाठ तीन प्रश्न विचारा. त्या पानाचा मला फार अभिमान होता. आजींनी शेजारी लिहिलं, 'मी विचार करते म्हणते, तेव्हा मला खरंच विचार करायचा असतो.'

मला माझ्या करड्या कव्हराच्या आत तोंड लपवावंसं वाटलं.

मार्चमध्ये बाई आल्या. पेटी उघडली, मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आपले डावपेच गिऱ्हाइकाच्या हाती पडले, यापेक्षा मोठी नामुष्की कोणती! त्या वाकून वाकून माफी मागू लागल्या.

"ऊठ गं," आजी म्हणाल्या. "पेटीतलं होतं, वापरलं. अर्धं गुणकारी आहे, त्याचं काय होईल ते घे. अर्ध्याची मुदत संपलीये, ते परत ने."

बाई तिथेच पायरीवर बसून वाचू लागल्या. आधी हसल्या. एकेचाळिसाव्या पानावर थांबल्या.

"गेल्या उन्हाळ्यात तुमची ती नवी मुलगी आली होती," आजी म्हणाल्या. "हेच तीन प्रश्न. पाठ केलेले. विचारताना माझ्याकडे बघेना. मला वाटलं आळशी असेल. मग लोणचं पुढे केलं तर डोळ्यांत पाणी. तिला लाज वाटत होती गं."

आठ जण का गेले, याचा उलगडा त्यांना त्या पायरीवर झाला. त्यांना काम जड गेलं नव्हतं, शिकवलेलं गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलणं जड गेलं होतं. हेच तीन प्रश्न सोनेरी पट्टीवाल्यातही होते. बाई गाडीतून ते घेऊन आल्या आणि आजींसमोर मोठ्याने वाचू लागल्या. तिसरं वाक्य दोनदा सुरू केलं, पुरं झालं नाही. आजींनी चहा ओतला आणि म्हणाल्या, "राहू दे, घसा बसेल."

बाईंनी आजींच्या खुणांसकट मलाच निवडलं. होरितासाहेब ऐकून खवळले. पुस्तकाची परीक्षा गिऱ्हाईक घेणार? "जादूगार कधी बाही उलटून दाखवतो का, चिझुएबाई?"

"आपण जादूगार नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "आपण पेटी ठेवून येतो. जे गिऱ्हाइकासमोर वाचता येत नाही, ते मी मुलांना शिकवणार नाही."

साहेबांनी मला ओढून घेतलं, आजींचं अक्षर वाचत राहिले. तेही तरुणपणी फेरीवर होते. शेवटी म्हणाले, "एकेचाळिसावं पान मीही पुष्कळ वापरलं." आणि पुस्तकांच्या यादीत माझ्या नावासमोर शिक्का मारला.

छापखान्यात माझ्या उरलेल्या सगळ्या प्रती कंपनीने घेतल्या आणि बाईंनी त्यांत आजींच्या खुणा उतरवल्या. एप्रिलमध्ये दहा नवे विक्रेते गोल बसून एकेक पान वाचायचे, छापलेलं आधी, मग आजींचं. एकेचाळिसाव्या पानाशी बाई त्यांना नुसतं गप्प बसायला लावायच्या, पूर्ण एक मिनिट. कुणाला जमायचं नाही, हसू फुटायचं. आज पुन्हा ऑक्टोबर आहे. दोघं गेले, आठ फेरीवर आहेत. बाहेरच्या संस्थेचं नाव आता कुणी काढत नाही.

आणि मी? मी पुन्हा पेटीत आहे, या खेपेला चुकून नाही. बाईंनीच मला ठेवलं, दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात, सर्दीच्या पुड्या आणि मलमपट्ट्यांच्या मध्ये. अजून शिकायचं पुष्कळ उरलंय, असं त्या झाकण लावताना म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

कधी तुमच्या पेटीत मी सापडलो तर दचकू नका. पेन्सील घ्या. जिथे दार लावून घ्यावंसं वाटेल, तिथे खूण करा. सहा महिन्यांनी कुणीतरी ती वाचायला येणार आहे.