वार्दोहून आलेली बहीण

चोपन्न वर्षं सिव्ह स्वतःला एकुलती एक समजत आली होती. मग मार्चमध्ये एका संध्याकाळी फोन वाजला आणि पलीकडून एक घोगरा बायकी आवाज म्हणाला, "हाल्वार्द तुझा बाप ना? तो माझाही. घाबरू नकोस, मला काही नकोय. म्हटलं, आपलं सांगून ठेवावं."

फोन वार्दोहून आला होता. देशाचं पार उत्तरेकडचं टोक. त्यापुढे नुसता समुद्र. तरुणपणी बाबा तिकडे मासेमारीच्या बोटीवर होते, एवढंच सिव्हला ठाऊक होतं. बाकीचं त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. डीएनएच्या तपासण्या झाल्या, गोष्ट खरी निघाली. आई आणि बाबा दोघंही केव्हाच गेलेले, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? सिव्ह आधी रडली, मग चिडली, आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण ऑफिसात, बेकरीत, अगदी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवूनसुद्धा एकच सांगत सुटलोय: "मला बहीण आहे! मोठी!"

आज ती बहीण ओस्लोला येत होती, जन्मात पहिल्यांदा. जून सरत आला होता आणि ऊन असं पडलं होतं की अर्धं शहर अंगावरचे कपडे कमी करून गवतावर पसरलं होतं. सिव्ह स्टेशनबाहेरच्या वाघाच्या पुतळ्यापाशी वेळेच्या कितीतरी आधी येऊन उभी होती. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी ऑपेरा हाउसच्या उतरत्या छतावर चढायचं, मग किल्ला, मग पुतळ्यांची बाग. तरी धास्ती होतीच. आपलं शहर तिला आवडलं नाही तर? आपणच आवडलो नाही तर?

ओळखायला वेळ लागला नाही. त्या उन्हातही लोकरी स्वेटर घातलेली, दारासारखे रुंद खांदे असलेली एक बाई माणसांच्या गर्दीतून बोटीसारखी वाट काढत येत होती. हनुवटी थेट बाबांची.

"तू सिव्ह?"

"हो. तुमचा प्रवास कसा—"

"तुमचा? मी काय बिशप लागून गेले? बोर्गहिल्ड म्हण." तिनं सिव्हला छातीशी असं आवळलं की तिचा श्वासच अडकला. स्वेटरला सुक्या माशाचा वास होता. मग तिनं वाघाकडे पाहिलं. "राजधानीच्या दारात मांजर कशाला बसवलंय?"

"वाघ आहे तो!"

"असेल. तुमच्याकडे सगळं फुगवूनच सांगतात."

रस्ता ओलांडून दोघी लिंडनच्या झाडांखाली आल्या तशी बोर्गहिल्ड थबकली. खोडावर हात ठेवून मान मागे टाकून ती वर बघत राहिली. "च्यायला, केवढी ही झाडं! आमच्या वार्दोत एक होतं. हिवाळ्यात त्याला गोधडी गुंडाळायचो. तरी मेलं मेलंच."

सिव्हला हसू आवरेना. या झाडाखालून ती रोज जायची. ते कुठल्या जातीचं, हेही तिनं कधी बघितलं नव्हतं.

"चल, आता ऑपेराच्या छतावर जाऊ," ती उत्साहानं म्हणाली.

"छपरावर कशाला? मी काय धुराडं साफ करायला आलेय? बाप कुठे असायचा ते दाखव मला."

सिव्हनं ठरवलेला बेत सोडून दिला. मग म्हणाली, "बाबा ट्राम चालवायचे. ल्याब्रूच्या लाइनवर."

"मग उभी काय राहिलीस? चल की!"

ट्राम एकेबर्गची चढण चढू लागली आणि खाली खाडी उघडत गेली. बेटं, त्यांच्यामधून सरकणारी पांढरी शिडं, उन्हात नुसतं चमचमणारं पाणी. बोर्गहिल्डनं काचेला नाक लावलं. "हे रोज बघायचा तो? रोज? आणि वर पगारही घ्यायचा?" तिचा आवाज अख्ख्या डब्यात घुमत होता. ओस्लोच्या ट्राममध्ये माणसं शेजारच्याशी बोलत नाहीत. जमलं तर शेजारी बसतसुद्धा नाहीत. पण बोर्गहिल्डनं समोरच्या तरुणाच्या गुडघ्यावर थाप मारली. "ही माझी बहीण. आमचा बाप हाल्वार्द, तो हीच ट्राम चालवायचा."

सिव्हचे कान लाल झाले. तरुणानं घाईघाईनं खिडकीबाहेर बघितलं. पण मागच्या बाकावरून एक म्हातारी पुढे झुकली. "हाल्वार्द? तो शीळ घालणारा? अहो, कुणी पळत येताना दिसलं की थांबायचा तो. त्याच्यापायी आम्ही सगळे रोज उशिरा पोचायचो."

"ऐकलंस?" बोर्गहिल्ड ओरडली. "शीळ घालायचा!"

आणि काय झालं कुणास ठाऊक, सिव्हही मोठमोठ्यानं बोलू लागली. बाबा घरात कसे हसायचे, बटाटे सोलताना कसे गायचे, आईला कसे चिडवायचे. आपला आवाज चढलाय याचं तिला भानच राहिलं नाही.

सेतेरच्या स्टॉपवर उतरून दोघी उतारावरच्या वाटेनं खाली खाडीवर आल्या. सिव्हनं पोहण्याचा पोशाख आतून घातलाच होता. तिनं फ्रॉक काढला आणि खडकावरून थेट सूर मारला. पाणी गार होतं, झकास होतं. वर येऊन ती ओरडली, "ये ना! वार्दोची माणसं पाण्याला घाबरतात की काय?"

बोर्गहिल्ड खडकावर बसून राहिली. म्हणाली, "मला पोहता येत नाही."

"अगं, तू तर आयुष्यभर बोटीवर होतीस!"

"बोटीवर होते. पाण्यात नव्हते. आमच्या समुद्रात पडलेला माणूस पोहायच्या आधीच गारठतो. आई म्हणायची, पोहता येणाऱ्याला मरायला जास्त वेळ लागतो, एवढाच काय तो फरक." मग तिनं नजर वर केली. "तुला कुणी शिकवलं?"

सिव्हला खोटं बोलता येईना. "बाबांनी. इथेच."

"कसं?"

"ते समोर उभे राहून मागे मागे चालायचे आणि लाइनवरच्या स्टॉपची नावं पुकारायचे. पुढच्या स्टॉपपर्यंत पोचायचंच. नाहीतर ट्राम चुकली."

बोर्गहिल्डनं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. पँट काढली. आतल्या कपड्यांतच ती छातीभर पाण्यात शिरली आणि दात-ओठ खात म्हणाली, "पुकार."

"एकेबर्गपार्केन!" सिव्ह मागे सरकत ओरडली.

बोर्गहिल्ड पुढे झेपावली, बुडाली, वर आली आणि तिनं अशी एक शिवी हासडली की शेजारच्या धक्क्यावर बसलेल्या मुलांनी आइस्क्रीम चाटायचं थांबवलं. "पुन्हा!"

"योम्फ्रुब्रोतेन! पाय मार, पाय! होल्तेत!"

"पाणी खारट आहे का जरा तरी? अळणी सूप आहे नुसतं!" ती फुत्कारली, पण हात मारत राहिली. धक्क्यावरची मुलं आता सिव्हबरोबर नावं पुकारू लागली होती. "कास्तेलेत! ब्रोतेन!" ओस्लोचीच मुलं ती, त्यांना सगळी लाइन पाठ. "सेतेर!" आणि सिव्हच्या लक्षात आलं की बहिणीचे पाय मघापासून तळाला लागलेलेच नाहीत. चार-पाच हात का होईना, ती पोहत होती. कुत्र्यासारखी, मान ताठ, डोळे वटारलेले, पण पोहत होती.

"ल्याब्रू! शेवटचा स्टॉप! सर्वांनी उतरावं!"

बोर्गहिल्डनं सिव्हचे खांदे धरले. दोघी धापा टाकत, हसत उभ्या राहिल्या. मुलं टाळ्या पिटत होती.

"मला बाबा मिळाले," सिव्ह हळूच म्हणाली, "आणि तुला..."

"गप गं. त्यानं शिकवलं असतं तर मला एवढ्या शिव्या देता आल्या असत्या का?" बोर्गहिल्डनं हाताच्या पंजानं चेहरा पुसला. ते नुसतं खाडीचं पाणी नव्हतं.

खडकावर येऊन अंग पुरतं सुकायच्या आत बोर्गहिल्डनं फोन काढला आणि वार्दोला मुलाला लावला. "अरे, मला पोहता येतं! पोहता! नाही, प्यायलेली नाहीये मी! विश्वास नसेल तर हिला विचार." आणि तिनं फोन सिव्हच्या ओल्या हातात कोंबला.

पलीकडे लाटांचा आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज होता. मग एक जाड, लाजरा पुरुषी आवाज म्हणाला, "मावशी? खरं सांग हं. आई बुडाली तर नाही ना?"

सिव्हला आजवर कुणी मावशी म्हटलं नव्हतं. "नाही रे," ती म्हणाली, "पण अख्खी खाडी ढवळून काढली तिनं." आणि मग, सवय असल्यासारखी, विचारू लागली, "तू जेवलास का? तिकडे हवा कशी आहे?"