बावीस रविवार

“बावीसच्या बावीस सामने,” एकनाथरावांनी चष्मा वर ढकलत भाषणाचा कागद वाचला. “हे जरा ठासून म्हणायला हवं. राधिकाला माइकचं सांगून ठेवतो.”

नैनानं चहाचा कप खाली ठेवला. येत्या शनिवारी मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिचा सत्कार होता आणि वडीलच बोलणार होते. जर्मनीत बायकांच्या फुटबॉलची दुसऱ्या दर्जाची लीग २००४ साली सुरू झाली. त्या लीगच्या पहिल्याच हंगामात आपली नैना गोलकीपर होती, हे त्यांनी गेली वीस वर्षं अख्ख्या मिशिगनला ऐकवलं होतं. चेंडू गोल असतो यापलीकडे ज्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांचीही सुटका नव्हती. यंदा राधिकाकाकू मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी सत्काराचा घाट घातला. नैना आता बेचाळीस वर्षांची, शाळेतल्या मुलींचे मुरगळलेले घोटे बांधणारी फिजिओ.

टेबलावर पुरावाही मांडून ठेवला होता. तेव्हा पुण्याहून मागवलेली २००४ आणि २००५ची मराठी कॅलेंडरं, आणि त्यांतल्या बावीस रविवारांच्या चौकटींत बॉलपेननं लिहिलेलं, ‘नैना खेळली’. दर रविवारी ती जर्मनीहून फोन करायची आणि बाबा एकच विचारायचे, “खेळलीस का?” पहिल्या रविवारी तिच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. पुढे तेच निभावून न्यावं लागलं.

“बाबा, ते भाषण कॅन्सल कर.”

“का?”

“मी एकही मॅच खेळले नाही. पूर्ण सीझन बेंचवर होते. आय लाइड, बाबा. दर रविवारी.”

एकनाथरावांनी भाषणाचा कागद खाली ठेवला. मोटारींच्या सुट्या भागांच्या तपासणीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. एका भागावर ओरखडा दिसला तर अख्खा लॉट परत पाठवणारा हा माणूस. नैनाला आता त्यांच्याकडे बघवेना.

“मग तिथे करायचीस काय?”

“मेन गोलकीपरला वॉर्म-अप द्यायचे. मॅचआधी चाळीस शॉट्स मारायचे. मग कोट घालून बसायचं, तिला काही लागलं तर उतरायला. तिला कधी लागलंच नाही.”

“थंडीतसुद्धा?”

“फेब्रुवारीत एकदा बर्फच पडत होता. पूर्ण नव्वद मिनिटं.”

“एखादा रविवार चुकवलास?”

“नाही. एकही नाही.”

ते उठले आणि खणातून पेन घेऊन आले. आता सगळ्यावर काट मारणार, असं नैनाला वाटलं. पण चुकलेली नोंद गिरवून झाकायची नसते, ही त्यांची कारखान्यातली शिस्त. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची.

त्यांनी पहिल्या रविवारच्या ‘खेळली’वर रेघ मारली, शेजारी ‘हजर’ लिहिलं आणि सही केली.

“तूही कर,” पेन पुढे करत ते म्हणाले. “खोटं तू बोललीस. पण मी तरी दुसरं काय विचारत होतो?”

नैनाचे डोळे भरून आले. तिनं सही केली.

“आणि शनिवारी?”

“शनिवारी हेच वाचणार. बावीसच्या बावीस सामने हजर.”

एकेक रविवार पुढे सरकत गेला. फेब्रुवारीच्या पानावर ते थांबले.

“बर्फ कुठल्या रविवारी होता?”

तिनं बोट ठेवलं. त्यांनी रेघ मारली, ‘हजर’ लिहिलं, आणि चौकटीत उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ‘बर्फ होता’. मग सही करून त्यांनी पेन तिच्याकडे दिलं.