ठिणगीसाठी टाळ्या

आमच्या विज्ञानाच्या बाईंना मुलं ठिणगी म्हणायची. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून तिनं एकदा अख्ख्या नववीची पापणी लवू दिली नव्हती, तेव्हापासून ते नाव चिकटलं. मीही तिला तेच म्हणायचे. मी भूगोल शिकवते, म्हणून मी नकाशाबाई. एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या आम्ही, भांडलोही भरपूर आणि एकमेकींवाचून आमचं पानही हललं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला भर वर्गात मारलं.

मी शेजारच्याच खोलीत होते. आधी बाक सरकल्याचा आवाज आला, मग मुलांचा कालवा, आणि मग ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा काहीतरी आवाज. पुन्हा तोच. मी धावले. एका मुलाचा बाप तिला फळ्याशी दाबून मारत होता. पोराला कॉपी करताना पकडून तिनं पेपर काढून घेतला होता, एवढंच निमित्त. एका मुठीत तिचे केस, दुसरी मूठ तिच्या कानावर, जबड्यावर, परत कानावर. ती ओरडत नव्हती. "मुलं बघतायत हो, मुलं बघतायत," एवढंच म्हणत होती. मी मागून त्याची कॉलर धरून अक्षरशः लोंबकळले. त्यानं न बघताच कोपर मागं हाणलं आणि माझा पुढचा दात माझ्याच ओठात घुसला. शेवटी दोन शिपाई आणि गणिताच्या सरांनी मिळून त्याला आडवा पाडला. तोवर तिचा जबडा मोडला होता आणि डावा कान कायमचा गेला होता. हेडसर तेव्हा व्हरांड्यात उभे राहून पोलिसांना फोन करत होते. कुणीतरी करायलाच हवा होता, त्याबद्दल मी त्यांना कधी बोल लावला नाही.

तो माणूस जामिनावर सुटला आणि "थोडी झटापट झाली" असं सांगत गावभर फिरू लागला. इकडे ठिणगीचे दात तारांनी बांधलेले. कॉलेजात जाणारी तिची लेक मोठ्या सिरिंजनं तिच्या गालफडात सूप सोडायची. तारा निघाल्यावर ती शाळेत परतली, प्रयोगही पुन्हा करू लागली. फक्त बाक जोरात सरकला की तिचा हात आपोआप कानावर जायचा आणि मुलं खाली बघायची.

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेचं आमंत्रण आलं तेव्हा हेडसरांनी स्वतःबरोबर आम्हा दोघींचीही नावं दिली. "चला, तेवढाच हवापालट," म्हणाले. आम्हाला बरं वाटलं. शाळेच्या खर्चानं कुठं जायचं म्हणजे एरवी हेडसर एकटेच जायचे.

परिषद मोठ्या काचेच्या इमारतीत होती. गळ्यात बिल्ले, हातात पिशव्या, पिशवीत न उमटणारं पेन. एका टेबलावर बोलणारा फळा, दुसऱ्यावर उत्तरपत्रिका वाचून आपणच गुण देणारं यंत्र, आणि सगळीकडे आमच्यासारखेच मास्तर, फुकटच्या बिस्किटांवर डोळा ठेवून ज्ञान घेणारे. गुण देणाऱ्या यंत्रासमोर ठिणगी बराच वेळ उभी राहिली.

"याचं एक बरंय," ती म्हणाली. "पालक भांडायला आले तर याची वायर काढता येते."

मी हसले. तीही हसली. मारहाणीवर तिनं केलेला तो पहिलाच विनोद होता.

दुपारच्या सत्राचं नाव होतं 'सुरक्षित वर्ग'. मोठा हॉल खच्चून भरलेला. आम्ही मधल्या रांगेत बसलो. तिच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला मी आणि माझ्यापलीकडे हेडसर. मंचावर एक तरणा पोरगा आला. पांढरे बूट, हातात माइक, तोंडात साखर. त्याचं नाव मी ऐकलं आणि विसरले. माझ्या लेखी तो माइकवालाच.

त्याच्या कंपनीनं एक कॅमेरा काढला होता. कुणी कुणावर हात उगारला की कॅमेरा ते ओळखतो, पडद्यावर त्या हाताभोवती लाल चौकट येते, भोंगा वाजतो आणि दारं आपोआप बंद होतात, म्हणजे हल्लेखोर पळू शकत नाही.

"या हॉललाही आज आम्ही ते जोडलंय," तो म्हणाला. "कॅमेरा माझ्यावरच रोखलाय. तेव्हा भाषण नाही आवडलं तरी मारू नका, नाहीतर सगळेच अडकाल!"

सगळे हसले. मग दिवे मंद झाले. "आता एक खरा प्रसंग," तो हळू आवाजात म्हणाला. "चेहरे झाकले आहेत. मन घट्ट करा."

मी आधी ओळखलं ते स्वतःला. पिवळी शाल घेतलेली एक जाडी बाई एका माणसाच्या पाठीला लोंबकळत होती. ही शाल माझ्याकडे पण आहे, असं मनात आलं, आणि त्याच क्षणी फळ्याशी दाबलेली ठिणगी दिसली. चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा. पण निळा स्वेटर तिचा होता, आज शेजारी अंगात होता तोच, झुकलेली मान तिची होती, आणि आवाज तर त्यांनी मुळीच झाकला नव्हता. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो घुमला: "मुलं बघतायत हो, मुलं बघतायत."

मी हेडसरांकडे वळले. ते बुटांकडे बघत होते.

"चेहरे झाकणार म्हणाले होते," ते पुटपुटले. "झाकलेत ना?"

"आपल्या वर्गातल्या कॅमेऱ्याचं आहे हे. तुम्ही दिलंत?"

"शाळेत सगळं फुकट बसवून देणार आहेत ते. पुन्हा असं होऊ नये म्हणूनच ना... आज दाखवतील हे मला माहीत नव्हतं. आईशप्पथ."

ठिणगीनं हे ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती पडद्याकडे बघत होती. तिचा हात कानावर नव्हता. दोन्ही हात मांडीवर, मुठी वळलेल्या.

माइकवाल्यानं चित्र थांबवलं आणि मागं नेलं. "आता सावकाश बघू. हात उठायच्या आधी खांदा हलतो, दिसला?" मूठ हवेतून हळूहळू आली आणि तिच्या कानावर बसली. तिचं डोकं फळ्यावर आदळून परत आलं. पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडावर रुमाल धरला. "पुन्हा एकदा," तो म्हणाला, आणि पुन्हा मूठ आली, पुन्हा डोकं आदळलं. तिसऱ्यांदा तो चित्र मागं नेऊ लागला तशी ठिणगी उठली आणि लोकांचे गुडघे ओलांडत मंचाकडे निघाली.

"अगं थांब," मी म्हणाले. ती थांबली नाही.

तिला पायऱ्या चढताना बघून माइकवाला खुलला. त्याला वाटलं, कुणाला तरी प्रश्न विचारायचाय. "या बाई, या ना! काय वाटलं तुम्हाला हे बघून?" आणि त्यानं माइक तिच्या हातात दिला.

"बंद कर ते," ती म्हणाली. "ही मी आहे."

पोरगा क्षणभर पांढराफटक पडला. तो तिथंच गप्प बसता तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याचा पेशा बोलण्याचा. दुसऱ्याच क्षणी त्याचे डोळे चमकले.

"मित्रहो!" तो माइकविनाच ओरडला. "या त्याच धाडसी शिक्षिका! आज आपल्यात आहेत! जोरदार टाळ्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट मनानं नव्हे. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेकडो मास्तर उभे राहून टाळ्या कुटत होते आणि मागं पडद्यावर तिच्या डोक्यावर उगारलेली मूठ तशीच थांबलेली होती. माइकवाला तिच्या डाव्या बाजूनं आला, बहिऱ्या बाजूनं, आणि तिला प्रेक्षकांकडे वळवायला त्यानं तिच्या खांद्यावर हात टाकला.

तिनं त्याच्या तोंडावर माइक हाणला.

माइक चालू होता. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या थांबल्या. तिनं दुसरा घाव दातांवर घातला, तोही तसाच वाजला. तो गुडघ्यांवर बसला, मग उताणा पडला, आणि ती त्याच्या छातीवर बसून मारू लागली. धप्. धप्. सगळा हॉल त्या आवाजानं हादरत होता, जणू मारणारा आपल्या प्रत्येकाच्या उशाशी बसलाय. पडद्यावरचं जुनं चित्र गेलं आणि मंच दिसू लागला: निळा स्वेटर, वर उठलेला हात, आणि त्या हाताभोवती लखलखीत लाल चौकट.

मग भोंगा वाजला आणि दारं बंद झाली.

रोज वर्गात "रांगेत चला" म्हणून ओरडणारी ही माणसं. एका क्षणात सगळी मेंढरं झाली. कुणीतरी "आग!" म्हणून किंचाळलं आणि सगळा लोंढा मागच्या दाराकडे फिरला. मला मंचाकडे जायचं होतं, पण लोंढ्यानं मला उलट दिशेला उचलून नेलं. माझा पाय कुणाच्या तरी पिशवीत अडकला, घोटा कडकन वळला. एका माणसानं वाट काढायला माझे केस धरून मला बाजूला ओढलं. शिक्षकच होता, गळ्यात बिल्ला होता. मी त्याच्या हाताला चावले. हो, चावले. तोंडात रक्ताची चव आली आणि मी सोडलं नाही, त्यानं सोडेपर्यंत.

दाराशी माणसांचा ढिगारा झाला होता. काचेला गाल चिकटलेले, आणि सगळ्यात पुढे हेडसर. त्यांची छाती दाराच्या दांड्यावर दाबली गेली होती. तोंड उघडं होतं पण आवाज निघत नव्हता. ओठ निळे पडत होते. मागचे ढकलतच होते. एक बाई खाली पडली आणि तिचा हात पायाखाली गेला, तिचा तो चित्कार मला अजून ऐकू येतो.

मी जीव खाऊन मंचाकडे वळून ओरडले, "ठिणगे! माणसं मरतायत! दार!"

ऐकू जाण्याची आशा नव्हती. पण ती थांबली होती. माइक हातातून गळला होता. पडद्यावर तिचा चेहरा प्रचंड मोठा दिसत होता, रक्तानं शिंपडलेला. तिनं दाराकडे पाहिलं. मग त्या पोराची कॉलर धरून त्याला बसता केला.

"दार कसं उघडतं? बोल!"

खाली पडलेल्या माइकनं तेही सगळ्यांना ऐकवलं. पोराला बोलता येत नव्हतं. त्यानं खिशाकडे बोट केलं. तिनं खिशातून रिमोट काढला आणि असतील नसतील ती सगळी बटणं दाबली. दारं उघडली. लोंढा बाहेर कोसळला, एकावर एक, पोत्यांसारखा.

मेलं कुणी नाही. हेडसरांच्या चार बरगड्या गेल्या, त्या बाईचा हात मोडला, माझा घोटा प्लास्टरमध्ये. माइकवाल्याचं नाक आणि समोरचे दात गेले. पोलीस आले तेव्हा ठिणगी मंचाच्या पायरीवर बसली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, "नेमकं काय झालं? धक्काबुक्की?"

"नाही," ती म्हणाली. "मी मारलं त्याला. मला मारायचंच होतं."

कंपनीच्या वकिलानं पुढं तडजोड केली. तिनं चित्रफितीबद्दल दावा लावायचा नाही, त्यांनी ती फीत सगळीकडून नष्ट करायची आणि तक्रार मागं घ्यायची. चेंगराचेंगरीचा ठपका दारांवर, म्हणजे पर्यायानं त्यांच्यावरच आला, म्हणून त्यांना घाई होती. शाळेनं मात्र तिला निलंबित केलं. मुलांसमोर कोणता आदर्श, वगैरे. ते पत्रही हेडसरांच्याच सहीचं.

मी कुबडी घेऊन दवाखान्यात त्यांना भेटायला गेले होते. ते उशीला टेकून बसले होते, छातीला पट्टा.

"तिला सांगा, माझं चुकलं," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगा. तोंड तर शाबूत आहे तुमचं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. अजून तरी ते तिच्याकडे गेलेले नाहीत.

परवा दुपारी मी ठिणगीच्या घरी होते. ती, तिची लेक आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो. ती आता घरीच चार मुलांना शिकवते. बोलणं इकडचं तिकडचं चाललं होतं, आणि लेकीनं मध्येच विचारलं, "आई, त्याला मारताना कसं वाटलं गं?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. पण ठिणगी म्हणाली, "विचारू दे." तिनं दोन-तीन शेंगा सोलल्या.

"बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पहिल्या दोन फटक्यांना इतकं बरं वाटलं, तेवढं वर्षभरात कधी वाटलं नव्हतं."

"आणि मग?"

"मग तो 'आई गं' म्हणाला. तुझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा असेल."

"म्हणून थांबलीस?"

"नाही," ती म्हणाली. "त्यानंतरही मी मारलं. किती ते मोजलं नाही. मग हात दुखायला लागला, तेव्हा थांबले."

लेकीनं हातातली शेंग खाली ठेवली. मी उठून चहाचं आधण ठेवलं.